पीटीओ शाफ्ट जोडताना हात सांभाळा

आरोग्याच्या सदरात ट्रॅक्टरचा शाफ्ट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण तालुक्याच्या गावी पंचवीस-तीस वर्षे दवाखाना चालवताना मी ज्या जखमा पाहिल्या, त्यांतल्या सर्वांत वाईट जखमा या शाफ्टाने केलेल्या होत्या.

एक रुग्ण विसरता येत नाही. सोयाबीनची मळणी चालू होती. पलीकडे ठेवलेला पाण्याचा तांब्या घ्यायला तो फिरता शाफ्ट ओलांडून गेला. खांद्यावरचे उपरणे अडकले. प्राण वाचले, पण उजवा हात कोपरापासून गेला. वय होते अवघे तेवीस.

ट्रॅक्टरच्या मागे खाचा असलेला जो आखूड दांडा फिरतो, तो पीटीओ. त्याला जोडलेला शाफ्ट इंजिनची ताकद रोटाव्हेटरला, मळणीयंत्राला किंवा फवारणीच्या ब्लोअरला देतो. नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टाचा घेर वीतभर धरला, तर एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड त्याला गुंडाळले जाते. म्हणजे अख्खे उपरणे. ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही.

म्हणून जोडणीचा पहिला नियम असा: पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद आणि किल्ली आपल्या खिशात. किल्ली खिशात यासाठी की, आपण मागे वाकलेलो असताना दुसऱ्या कोणी गाडी चालू करू नये.

खाचा फडक्याने पुसून थोडे ग्रीस लावा. पिन दाबून शाफ्ट आत सरकवा. पिन 'खट्' करून बसली की शाफ्ट मागे ओढून पाहा. हलता कामा नये. मूळ पिन हरवली म्हणून खिळा किंवा तार अडकवू नका. बाहेर आलेले टोकच कापड पकडते.

शाफ्टाच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात. काम करताना त्या निदान एक तृतीयांश एकमेकींत असाव्यात, नाहीतर सुटून उडतील. अवजार उचलल्यावर त्या आत अगदी टेकताही कामा नयेत. दोन्ही नळ्यांवरचे काटे एका रेषेत ठेवा. तसे नसेल तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर तुटतो. रोटाव्हेटर उंच उचलण्याआधी पीटीओ बंद करा.

क्रॉसच्या निपलांत साधारण आठ तासांच्या कामानंतर ग्रीस भरावे. नेमके प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असते. शिअर बोल्ट तुटला तर त्याच ताकदीचा घाला. तो स्वतः तुटून यंत्र वाचवण्यासाठीच असतो.

आता कव्हर. शाफ्टावरच्या प्लास्टिकच्या कव्हरची साखळी दोन्ही टोकांना अडकवलेली असावी, म्हणजे आत शाफ्ट फिरतो आणि कव्हर स्थिर राहते. इंजिन बंद असताना ते हाताने मोकळे फिरते का, हे पाहा. अडकत असेल किंवा फुटले असेल तर बदला.

उपरणे, ओढणी, साडीचा सुटा पदर, मोकळे केस, धोतराचा सोगा, सैल बाही घेऊन जवळ जाऊ नये. मुलांना खळ्यावर यंत्राजवळ फिरकू देऊ नये.

तरीही अपघात झालाच, तर आधी इंजिन बंद करा. सोडवण्यासाठी यंत्र पुन्हा चालू करू नका. अडकलेले कापड कापा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबून धरा. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून बांधा आणि वेळ लिहून ठेवा. हळद, तंबाखू, माती लावू नका. तुटलेला अवयव स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ अवयवाला थेट लावू नका. १०८ ला फोन करा. जखम लहान असली, तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

त्या तरुणाला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले, त्याच रविवारी मी आमच्या शेतावर गेलो. धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरला शाफ्ट उघडाच होता. कव्हर गोठ्यातल्या खुंटीला टांगलेले. "दादा, ग्रीस भरताना आड येतं, म्हणून काढलं," तो म्हणाला. मी दर वर्षी दिवाळीला त्या शेतावर जात होतो. ट्रॅक्टर पाहत होतो, कव्हर कधी पाहिले नव्हते. आम्ही दोघांनी ते त्याच दिवशी बसवले.

वाचकहो, उद्या सकाळी कामाला जाण्याआधी आपल्या गोठ्यातली खुंटी एकदा बघा.