‘बहिष्कार’ : एका शब्दाचा अभ्यास

‘बहिस्’ म्हणजे बाहेर आणि ‘कार’ म्हणजे करणे. या संधीतून ‘बहिष्कार’ हा शब्द सिद्ध होतो. गावपाड्यांच्या बोलण्यात त्यालाच ‘वाळीत टाकणे’ म्हणतात. वृत्तपत्रांत मात्र तो कधी मतदानाशी, कधी परराष्ट्र धोरणाशी, तर कधी क्रीडास्पर्धेशी जोडलेला आढळतो. कोण कोणास बाहेर ठेवीत आहे, आणि त्याची किंमत कोण मोजीत आहे, हे पाहिल्यावाचून या शब्दाचा अर्थ लागत नाही, असे आम्हांस वाटते.

1880 साली आयर्लंडमध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याचे पीक कापण्यास मजुरांनी नकार दिला, आणि त्याचे आडनावच इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. जव्हार-मोखाड्याच्या वाचकांस हे उदाहरण परके वाटू नये. 1945 साली शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागातील वारली बांधवांनी गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वेठ नाकारली, आणि रास्त मजुरीवाचून जमीनदारांचे गवत कापण्यास ते तयार झाले नाहीत. बॉयकॉटचे नाव त्यांच्यापैकी कितीजणांच्या कानी असणार! हाती केवळ श्रम होते, ते त्यांनी काढून घेतले. चूल थंड राहिली तर ती त्यांचीच राहणार होती.

ज्याच्या हाती पाणवठा, दुकान आणि शेतातील काम आहे, त्याने घातलेला बहिष्कार याच्या अगदी उलट. तेथे घालणाऱ्याचे काहीच जात नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर थोड्याच दिवसांत, 3 एप्रिल 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. विद्यार्थ्यांनी या नावाचे व्याकरण अवश्य पाहावे. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी रूप आहे. कर्ता त्यात उच्चारलेला नाही, तरी वाचणाऱ्या प्रत्येकास तो ठाऊक होता. पुढे गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब व रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा, अशी स्पष्ट मागणी होती. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 चा. तो 3 जुलै 2017 पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. जातपंचायतीच्या धाकाखाली असलेल्या कुटुंबांस ही माहिती आपल्या माजी विद्यार्थ्यांनी जरूर द्यावी.

राष्ट्राराष्ट्रांतही हा शब्द वावरतो. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी भारताने 1946 मध्येच व्यापार तोडला होता. 1974 साली भारतीय टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारत खेळला नाही आणि चषक न खेळताच प्रतिपक्षास मिळाला. अमृतराज बंधूंच्या पिढीने हा घास तोंडाशी येऊन सोडला. वर्णभेदाचे कायदे रद्द होऊ लागताच 1991 च्या नोव्हेंबरात त्याच देशाचा क्रिकेट संघ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा त्याचे प्रचंड स्वागत झाले. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी तर आणखी एक निराळा प्रकार दिसला : भारताचा खेळाडू स्पर्धेत उतरला, राजनैतिक प्रतिनिधी मात्र उद्घाटन व समारोप समारंभास गेला नाही.

आपल्या विनयपिटकात याहून कितीतरी जुने उदाहरण आहे. पालि भाषेत त्यास ‘पत्तनिक्कुज्जन’, म्हणजे पात्र पालथे घालणे, म्हणतात. वड्ढ नावाच्या लिच्छवी उपासकाने स्थविर दब्ब मल्लपुत्त यांच्यावर खोटा आरोप केला. तेव्हा संघाने त्याच्यासमोर पात्र पालथे घातले : त्याच्याकडून भिक्षा घ्यावयाची नाही. त्याला कोणी पाणी तोडले नाही, गावाबाहेर काढले नाही. त्याच्या घरचे अन्न सोडले ते भिक्खूंनीच. वड्ढाने संघापुढे येऊन आपला अपराध कबूल केला आणि संघाने पात्र पुन्हा सरळ केले.