धुरांडे पाडण्याआधी

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत राहणाऱ्या वाचकांचा थंडीच्या तोंडावर एक बेत ठरलेला असतो. दिवाणखान्यातली कोळशाची जुनी फायरप्लेस काढायची, तिथे गॅस फायर बसवायचा आणि जमलंच तर भिंतीतलं धुरांडंही पाडून खोली मोठी करायची. चर्चा होते ती रंगाची, टाइल्सची आणि खर्चाची. जळलेला वायू आता कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. माझ्या मते तो सर्वांत आधी सुटायला हवा.

गॅस भरपूर हवेत नीट जळला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. हवा अपुरी पडली, बर्नर घाणीने भरला किंवा जळलेला वायू वर न जाता खोलीत परतू लागला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीर आतून गुदमरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, अंग गळून जातं. पण ताप नसतो. हिवाळ्यात हे सगळं सर्दी-पडशाच्या खात्यात सहज जमा होतं. घराबाहेर पडल्यावर बरं वाटणं, परतल्यावर पुन्हा त्रास होणं आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच होणं, ही त्याची खूण. कोविडपासून अनेकांकडे असलेल्या ऑक्सिमीटरवर इथे मुळीच भरवसा ठेवू नका. मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला वेगळं ओळखता येत नाही, त्यामुळे रुग्ण अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. निदान रक्ततपासणीनेच होतं आणि तीही लवकर व्हावी लागते, कारण साध्या हवेत रक्तातलं मोनॉक्साइडचं प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येतं.

जुन्या धुरांड्यात काय दडलंय हे खालून दिसत नाही. विटांचे सांधे सुटलेले असतात, डोमकावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांनी काटक्यांचं घरटं करून वाट बुजवलेली असते. काही घरांत जुन्या नळ्या अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या असतात. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. अशी नळी हातोड्याने फोडली तर उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांमुळे होणारा कर्करोग काही दशकांनी डोकं वर काढतो. शंका असेल तर आधी नमुना तपासून घ्या. धुरांडं काढायचंच असेल, तर बाहेरच्या भिंतीतून हवा घेऊन तिथूनच वायू बाहेर सोडणारा, काचेने बंद असलेला गॅस फायर मला सर्वांत सुरक्षित वाटतो. नळीच नसलेले प्रकारही विकले जातात. त्यांतली जाळी मोनॉक्साइड कमी करते हे खरं, पण एक घनमीटर गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ आणि सोबत नायट्रोजन डायऑक्साइड खोलीतच राहतो. घरात दमेकरी असेल तर असा फायर घेऊ नका असंच मी सांगेन.

‘आपल्याकडे गॅसच्या शेगडीला कुठे धुरांडं असतं?’ हा आक्षेप रास्त आहे. पण शेगडी थोडा वेळ पेटते, समोर माणूस उभा असतो, खिडकी उघडी असते. गॅस फायर दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत तासन्‌तास चालतो. त्याच्या जवळचं उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातल्या बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, ज्याने कित्येक जीव घेतले आहेत. ‘अलार्म लावलाय ना’ हे उत्तरही अपुरं आहे. अलार्म हवाच, पण तो वायू खोलीत शिरल्यानंतर वाजतो. वायू शिरूच नये हे काम नळीचं. म्हणून फायर बसवल्यावर दारं-खिडक्या लावून, स्वयंपाकघरातला पंखा चालू ठेवून, धूर सोडणारी काडी फायरच्या वरच्या कडेशी धरून बघितली जाते. धूर आत ओढला जायला हवा. तो खोलीत पसरला तर फायर वापरायचा नाही. ही चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा.

काम ‘गॅस सेफ रजिस्टर’ या अधिकृत यादीत नोंद असलेल्या माणसालाच द्या आणि त्याच्या ओळखपत्राची मागची बाजूही वाचा, कोणत्या उपकरणांचं काम त्याला करता येतं, ते तिथे लिहिलेलं असतं. वर सांगितलेला त्रास घरात कुणालाही जाणवला तर गॅस बंद करा, सगळे बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. कुणी बेशुद्ध किंवा गोंधळलेलं असेल तर आधी ९९९ फिरवा.