ऊन न येणाऱ्या घरातली मेथी

डोंबिवलीतलं आमचं घर तळमजल्यावर आहे. समोरची इमारत इतकी जवळ आहे की वर्षातल्या कुठल्याही महिन्यात खिडकीतून थेट ऊन आत येत नाही. गच्ची आणि बाल्कनीतल्या बागेवर मराठीत पुष्कळ चांगलं लिहिलं गेलंय. पण उन्हाची बाजूच नाही आणि हातात दोन हजारांच्या वर पैसे नाहीत, अशा घरांसाठी फारसं सापडत नाही. अशी घरं मुंबई-ठाण्यात लाखोंनी आहेत. त्या घरात राहणाऱ्यांनाही स्वतः वाढवलेली भाजी कापण्याचा आनंद मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे अनुभवाचे बोल.

1. पहिला पैसा उजेडावर घालावा.
कुंड्या, रंगीत झाऱ्या, खतांच्या पिशव्या, बियांची पाकिटं हे सगळं नंतर. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते ती झाडाला अंधारी असते. भर दुपारच्या उन्हात सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी बाहेर 10 हजारांच्या आसपास, आणि रात्री ट्यूब लावलेल्या आपल्या दिवाणखान्यात जेमतेम 100 ते 300. आपले डोळे स्वतःला जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. पालेभाजीला दिवसाचे 12 ते 14 तास साधारण 10 हजार लक्स मिळाले की ती नीट वाढते. फोनवर उजेड मोजायची ॲप मिळतात. त्यांचा आकडा अचूक नसतो, पण खिडकीजवळ किती, कपाटापाशी किती आणि दिव्याखाली एक वीत अंतरावर किती, ही तुलना कळायला ती पुरेशी आहेत.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून द्राक्ष बागायतदारांना पानाच्या क्षेत्रफळावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडायला शिकवलं. पीक म्हणजे पानांनी गोळा केलेलं ऊन, हा त्यांचा विचार बंद खोलीत तर अधिकच लागू पडतो. इथे ऊन विकत घ्यावं लागतं, त्यामुळे त्याचा थेंबही जमिनीवर सांडू द्यायचा नाही. रोपं ठेवलेल्या फळीच्या बाजूंना पांढरा कागद किंवा जुन्या थर्माकोलच्या पट्ट्या लावल्या की बाहेर निसटणारा उजेड परत पानांवर येतो, आणि तोही फुकटात.

2. साधी पांढरी ट्यूब पुरते.
जांभळ्या-गुलाबी दिव्यांची जाहिरात पाहून लोक तीन-चार हजार घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. घरात दिव्याखाली झाडं वाढवण्याबद्दल जे काही आज वाचायला-पाहायला मिळतं, त्यातलं बरंचसं मूळचं गांजाच्या लागवडीसाठी तयार झालेलं आहे. कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून बहुतेक प्रांतांत एका घराला चार झाडं लावायची मुभा आहे, जर्मनीत एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन. ते झाड उंच, फुलावर येणारं आणि उजेडाला अतिशय हावरं. त्याच्यासाठीचे तंबू, पंखे आणि प्रखर दिवे मेथीला नकोत. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे, तेव्हा तो विषय घरात आणायचाच नाही. पण सल्ला वाचताना तो कुठल्या झाडासाठी दिलाय हे मात्र नक्की पाहावं.

माझ्याकडे 4 फूट लांब आणि 1 फूट रुंद फळी आहे. तिच्यावर 20 वॅटच्या तीन एलईडी ट्यूब शेजारी शेजारी लावल्या आहेत. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘कूल डेलाइट’ म्हणून मिळतात त्याच, 6500 केल्विनच्या. खोक्यावर ‘1000 वॅट’ असं छापलेल्या दिव्यापेक्षा प्रत्यक्षात किती वॅट वीज ओढली जाते आणि किती ल्युमेन उजेड मिळतो, हे लिहिलेली ट्यूब घ्यावी. पांढऱ्या उजेडाचा आणखी एक फायदा असा की पानाचा खरा रंग दिसतो. जांभळ्या दिव्याखाली पान पिवळं पडलेलं चटकन कळत नाही आणि रोग ओळखायला उशीर होतो.

ट्यूब आणि रोपांचा शेंडा यांत एक वीत अंतर ठेवावं. एलईडी ट्यूब फार तापत नाही, पान भाजत नाही. अंतर वाढलं की रोपं लांबुडकी आणि फिकट होतात आणि आडवी पडतात. ट्यूब साखळीनं टांगली तर वरखाली करणं सोपं जातं.

3. वीजबिल आधी मांडावं, मग बी पेरावं.
60 वॅट 14 तास म्हणजे दिवसाला 0.84 युनिट, महिन्याला साधारण 25. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांनंतर दर चढतो. आपला वापर आधीच शंभराच्या पुढे असेल तर ही 25 युनिटं वरच्या दरानं मोजली जातात. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करावा आणि तो आकडा घरात सगळ्यांना सांगावा. घरच्यांना न विचारता सुरू केलेला छंद पहिल्या बिलाला बंद पडतो, हे मी शेजारीपाजारी पाहिलंय.

4. दिवस-रात्र टायमरनं ठरवावी.
चारपाचशे रुपयांत प्लगमध्ये बसणारा टायमर मिळतो. आज लवकर, उद्या उशिरा असा दिवा लावण्यापेक्षा हा खर्च चांगला. आणि झाडाचा दिवस आपल्याच दिवसाशी जुळायला हवा असं मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये मी ट्यूब संध्याकाळी सहाला लावून सकाळी आठला बंद होईल अशी लावते. दुपारच्या काहिलीत रोपं अंधारात विसावतात, वाढीचे तास रात्रीच्या जरा बऱ्या हवेत मिळतात.

कोथिंबिरीला मात्र 11-12 तासच द्यावेत. मोठा दिवस आणि उष्मा एकत्र आले की ती पानं सोडून फुलावर धावते.

5. लवकर कापता येणारं, पानासाठी खायचं तेच लावावं.
टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगं यांना फळ धरायला पालेभाजीच्या कितीतरी पट उजेड लागतो आणि तोही महिनोन् महिने. तीन ट्यूबखाली हा हट्ट करू नये. गवती चहालाही भरपूर ऊन लागतं, तो गच्चीवाल्यांसाठी सोडावा.

सुरुवात वाणसामानाच्या डब्यापासून करावी. मेथी, मोहरी, आळीव, धने, सब्जा हे सगळं स्वयंपाकघरातच असतं. किराणा दुकानातली मेथी उत्तम उगवते. मुंबईच्या बाजारात इवल्या जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी आठवा. किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरून कोवळी असतानाच काढलेली ती मेथीच. ज्याला हल्ली मायक्रोग्रीन म्हणून महाग विकतात, ते आपल्याकडे कधीपासून दहा-वीस रुपयांच्या भाजीत येतंय. फळीवर तिला आठ-दहा दिवस पुरतात.

आळीव भिजवू नये. पाणी लागताच त्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि पेरणं अशक्य होतं. ओल्या कोकोपीटवर कोरडाच विखरावा, दोन दिवसांत मोड दिसतात. धने चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून त्यांचे दोन फाके करावेत आणि रात्रभर भिजवावेत. तरीही आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो. सब्जा ही बेसिलचीच जात आहे, पास्त्यावर घालायच्या महागड्या पानांची भावंडं दहा रुपयांच्या पुडीतून उगवतात, आणि तिला आपला उकाडा मानवतो. पुदिन्याचं बी शोधूच नये. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडून, खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवाव्यात, पाणी रोज बदलावं. आठवड्याभरात पेरांना मुळं फुटतात.

दोन गोष्टींची मात्र सक्त काळजी घ्यावी. शेतीसाठी विकलं जाणारं गुलाबी-निळा रंग चढवलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं, त्याची कोवळी रोपं खायची नसतात. आणि राजम्याचे कच्चे मोड, टोमॅटो-बटाट्याची पानं यांचा मोह टाळावा, ती अंगाला बाधतात.

6. लाल माती घरात आणू नये.
मुंबईच्या नर्सऱ्यांतून मिळणारी लाल माती डब्यात दोन-चारदा पाणी घातलं की घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. घरासाठी कोकोपीट बरं. 5 किलोची वीट आणली तर ती भिजून 60-70 लिटरपर्यंत फुगते आणि वर्षभर पुरते. नारळाच्या सोडणात मीठ असतं, म्हणून कोकोपीट दोनतीनदा धुवावं, निथळणारं पाणी गडद चहाच्या रंगावरून फिकट होईपर्यंत. मग दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि मिळालं तर मूठभर भाताचं तूस.

मुंबईत डॉ. दोशींनी रसवंतीवरच्या उसाच्या चिपाडांवर गच्चीशेती उभी केली. फुकटची सामग्री आणि भरघोस पीक असा तो प्रयोग थोर आहे, पण चिपाडं बंद खोलीत आणली की चिलटं येतात. गच्चीचं शहाणपण गच्चीवर चालवावं.

7. डबे विकत घेऊ नयेत.
स्ट्रॉबेरीचे पारदर्शक डबे तर तयार भोकांसकट येतात. मेथी-कोथिंबिरीला 4 इंच खोली पुरते. आइस्क्रीमचे डबे, तेलाचे कापलेले कॅन चालतात, फक्त तळाला भोकं हवीत आणि खाली ताट.

8. पाणी डबा उचलून ठरवावं.
घरातली रोपं पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा पाण्यानंच जास्त मरतात. इथे ऊन-वारा नाही, त्यामुळे ओल आठवडाभर टिकते. पाणी घातल्यावर डबा उचलून त्याचं वजन हाताला कळू द्यावं. तो लक्षात येईल इतका हलका झाला की पुन्हा पाणी. वरून शिंपडण्यापेक्षा खालच्या ताटात ओतावं, अर्ध्या तासात डबा लागेल तेवढं शोषून घेतो, उरलेलं फेकावं. पाणी ताटात साचू दिलं तर डासांनाही आमंत्रण.

पावसाळ्यात आमच्याकडे हवेतच इतकी ओल असते की भिंतींना बुरशी धरते. त्या दिवसांत कोवळी रोपं मातीलगत मऊ पडून कोलमडतात. हा बुरशीचा रोग आहे आणि एकदा लागला की तो डबा रिकामा करणं हाच उपाय. आधी मात्र पुष्कळ काही करता येतं. बी विरळ पेरावं, पाणी सकाळी द्यावं, आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा पावडर मिश्रणात चमचाभर मिसळावी. ही उपकारक बुरशी आहे, ती अपायकारक बुरशीला जागा ठेवत नाही.

मातीवर बारीक काळ्या माश्या भिरभिरायला लागल्या तर फवारण्या करू नयेत, आपण ती पानं खाणार आहोत. त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात वाढतात. वरचा बोटभर थर कोरडा होऊ दिला की त्यांची पिढी खुंटते. सोबत पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून डब्यापाशी उभा करावा, उडणाऱ्या माश्या त्याला चिकटतात. निंबोळी पेंड गुणाची आहे, पण बंद खोलीत तिचा वास सोसत नाही.

9. वारा हवा.
छताचा पंखा मंद चालू असला तरी पुरे. हलणाऱ्या रोपाचा देठ जाड होतो आणि पानांवरची ओल सुकते.

10. खत कमी.
कोवळ्या भाजीला मिश्रणातलं गांडूळखतच पुरतं. पंधरा दिवसांहून जास्त राहणाऱ्या सब्जा-पुदिन्याची खालची पानं पिवळी पडू लागली तर 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, आठवड्यातून एकदा. चिमूटभर जास्त घालण्याचा मोह धरला की पानांच्या कडा करपतात.

11. विजेपाशी दयामाया नाही.
पाणी आणि वीज एकाच फळीवर आहेत हे रोज लक्षात ठेवावं. प्लग ताटाच्या पातळीच्या वर हवा. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. अर्थिंग तपासून घ्यावं, घरच्या बोर्डाला गळती ओळखून वीज तोडणारं आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावं. बजेटमधली ही एकच गोष्ट पुढे ढकलायची नाही. पाणी घालताना दिवा बंद.

12. दर आठवड्याला थोडं पेरावं.
सगळी फळी एका दिवशी पेरली तर सगळी एकाच दिवशी खावी लागते. एका आठवड्याला दोन डबे, असा क्रम ठेवला की कापणी चालू राहते. कात्रीनं मातीच्या बोटभर वर कापावं, कोथिंबीर पुन्हा एकदा फुटते. कापलेला पाला लगेच खायचा नसेल तर धुवू नये, कोरडा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वाढायच्या आधी स्वच्छ धुवावा. जुनं मिश्रण फेकू नये. मुळं मोडून, थोडं गांडूळखत घालून त्यातच पुढची पेरणी, फक्त मेथीच्या जागी धने आणि धन्याच्या जागी मेथी. रोगानं गेलेल्या डब्यातलं मात्र पुन्हा वापरू नये.

एवढ्या फळीतून आठवड्याला सरासरी एखादी जुडी मिळते. हिवाळ्यात बाजारात मेथी-कोथिंबीर मुबलक आणि स्वस्त असते, तेव्हा विजेचा खर्च धरता घरची महाग पडते, हे उघड सांगायला हवं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी फळीवर आळीव, सब्जा आणि पुदिना ठेवते. जूनच्या शेवटी, बाजारात चिखलात भिजलेली जुडी चाळीस-पन्नासला जायला लागली, की धने रगडायला घेते.