पेटीत पडून राहिलेली हवा

दिवाळीच्या आगेमागे वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या सुड्या पेटतात. उन्हाळ्यात कडब्याच्या गंज्या आणि गोठे. आग उघड्यावरची असते. वारा पाठीशी घेऊन पाणी मारायचे, धूर उडून जातो, आणि तोंडाला दुपट्टा बांधला की भागते असे वाटते. बंबाच्या कप्प्यातला बीए सेट, म्हणजे पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मास्क, महिनोन्महिने जागचा हलत नाही. महानगरात हा सेट वापरून झिजतो, छोट्या गावात तो पडून पडून खराब होतो. दुसरा धोका जास्त फसवा, कारण सेट नवाकोरा दिसत असतो.

मग एखाद्या दिवशी फोन येतो तो जिनिंगच्या गोदामाचा. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. ज्वाला नाही, नुसता दाट धूर. अशाच एका गोदामात या ओळी लिहिणाऱ्याने एका सहकाऱ्याला आत जाताना पाहिले. सेट पाठीवर चढला, मास्क बसला, आणि हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिट्टी अपेक्षेच्या कितीतरी आधी वाजू लागली. दारात दोरी धरून उभ्या असलेल्या जोडीदाराने त्याला लगेच बाहेर ओढले म्हणून निभावले. नंतर तपासले तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. व्हॉल्व्हमधून बारीक गळती होऊन सिलिंडर आधीच बराच उतरला होता, आणि मास्कचे रबरी पट्टे कडक झाल्यामुळे गालापाशी फट राहिली होती. आजच्या सेटमध्ये मास्कच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे फटीतून धूर आत आला नाही, पण हवा बाहेर वाहत राहिली. दोन दिवसांची वाढलेली दाढीसुद्धा हेच करते. म्हणून ड्यूटीवर गुळगुळीत दाढी हवी, यात कोणाचाही मुलाहिजा नको.

हिशेब साधा आहे, तो प्रत्येक जवानाला तोंडपाठ हवा. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारपर्यंत भरला तर ढोबळमानाने दोन हजार लिटर हवा मिळते. शिट्टी साधारण ५० ते ५५ बारला वाजते. त्याखालची हवा फक्त बाहेर पडण्यासाठी. पण सिलिंडर २०० बारवर उतरला असेल, तर कामासाठी जेमतेम हजार लिटर उरतात. पाइप ओढत, जिने चढत काम करणारा माणूस मिनिटाला ६० लिटर सहज ओढतो. म्हणजे फार तर सतरा मिनिटे, आणि त्यात आत जाण्याचाही वेळ आला. सेटच्या माहितीपत्रकावर छापलेल्या ‘४५ मिनिटां’वर कोणी विसंबू नये.

धुराला एवढे का भ्यायचे? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. दहा बाळे गेली, त्यांतली सात गुदमरून. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. ओला दुपट्टा काजळी थोडीफार अडवेल, हा वायू अजिबात नाही.

विहिरीचे प्रकरण तर याहून वाईट. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावी, एप्रिल २०२४ मध्ये शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जण दगावले. वाचला तो कमरेला दोरी बांधलेला. अशा ठिकाणी हवेत ऑक्सिजनच पुरेसा नसतो, त्यामुळे डबीचा फिल्टर लावलेला मास्क काहीच कामाचा नाही. तो हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. तिथे सिलिंडरचा सेटच लागतो, आणि कमरेला दोरी व वर माणूस असल्याशिवाय खाली पाय टाकायचा नाही. गावकरी कितीही घाई करोत.

तेव्हा सेट वापरला नसला तरी पाळी बदलताना रोज तपासावा. काट्यावर दाब बघावा. व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बंद करावा आणि काटा मिनिटभर न्याहाळावा. तो दहा बारपेक्षा जास्त खाली आला तर सेट बाजूला काढावा. मग कोंडलेली हवा हळूहळू सोडत शिट्टी नेमकी कुठे वाजते ते ऐकावे. शेवटी मास्क चढवून खरोखर श्वास घ्यावा. कप्पा उघडून सेट जागेवर आहे अशी नोंद करणे म्हणजे तपासणी नव्हे. ही सवय मोडलीच पाहिजे. उन्हात उभ्या राहणाऱ्या बंबात रबर लवकर मरते, म्हणून मास्क पिशवीत आणि सावलीत ठेवावा.

सिलिंडरमध्ये श्वसनासाठी गाळलेली कोरडी हवाच भरायची. ऑक्सिजन कधीच नाही; दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश लागला तरी भडका उडतो. भरण्याचा कॉम्प्रेसर डिझेल इंजिनाच्या धुराशेजारी चालत असेल, तर ज्यापासून वाचायचे तेच विष सिलिंडरमध्ये जाते. कॉम्प्रेसर कुठे ठेवला आहे, त्याचे फिल्टर कधी बदलले, हे जवानाने विचारायला लाजू नये.

आग विझल्यावर मास्क काढण्याची घाईही महाग पडते. धुमसत्या ढिगाऱ्यातून वायू निघतच राहतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामाला कर्करोगकारक ठरवून पहिल्या गटात टाकले. ढिगारा उपसताना सेट अंगावर राहू द्यावा. परत आल्यावर मास्क कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवावा, सावलीत वाळवावा, श्वास सोडण्याच्या झडपेत काजळी अडकली का ते पाहावे. पेट्रोल किंवा थिनर लावू नये.

नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात नव्या सेटच्या खरेदीसोबत दुरुस्तीचा, रबरी भाग बदलण्याचा आणि सिलिंडरच्या दाबचाचणीचा खर्च वेगळा धरायला हवा. चाचणीची तारीख सिलिंडरवरच असते. ती उलटून गेली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये हवा भरू नये आणि तो बंबात ठेवूही नये. चाचणी होऊन येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा सिलिंडर हवा, आणि त्याची तरतूद मार्चपूर्वीच लेखी मागावी लागते.