ती नोटीस कुणाच्या दारात पडली?

आगाशी, ता. वसई, जि. पालघर

चि. बाबू,

परवा अर्नाळ्याला साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत भुईगावच्या आत्याचा दीर शेजारी बसला होता. भात वाढून होईपर्यंत गप्प होता, मग हळूच म्हणाला, "तुमचा पुतण्या वाड्यांच्या नोटिसा डाकात टाकून देतो म्हणे?" हातातला घास तसाच राहिला. पंगतीतल्या दुसऱ्या कुणाला त्या वाक्याचा अर्थ लागला नसेल. मला लागला, आणि तेव्हापासून झोप नाही.

डाक आवृत्ती हा शब्द मुळात वाईट नाही. लांबच्या गावांना सकाळी अंक मिळावा म्हणून जी आवृत्ती लवकर बंद करून आधी छापायची, ती डाक. शहरची आवृत्ती उशिरापर्यंत उघडी राहायची. आमच्या वेळी डाकची पानं मशीनवर चढली की प्रेसमध्ये चहा यायचा. पण आत्याचा दीर बोलत होता ते वेगळं. इथल्या वाडीची टायटलची नोटीस, चौदा दिवसांत हरकती मागवणारी, वसईत येणाऱ्या आवृत्तीत द्यायचीच नाही. त्याच पेपरच्या दूरच्या जिल्ह्याच्या आवृत्तीत द्यायची. कात्रण कापलं की पेपरचं नाव तेच, तारीख खरी, मजकूर अक्षर न अक्षर बरोबर. फक्त तो अंक वसईत येत नाही. चौदा दिवस सरतात, हरकत येत नाही, आणि दाखला तयार होतो की जाहीर नोटीस देऊनही कुणी पुढे आलं नाही.

बाबू, ती नोटीस वसईत कुणाच्या दारात पडली?

दिवाळीत तूच फोनवर सांगितलं होतंस, "काका, आज तीन जाहीर नोटिसा बुक केल्या. चार बाय सहा, क्लासिफाइड डिस्प्ले, सिंगल एडिशन." मी कौतुकाने ऐकत होतो. आम्ही कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजायचो, दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच म्हणजे वीस. तुम्ही चौरस सेंटिमीटर मोजता, तुझी चार बाय सहा म्हणजे चोवीस. काकूला मी बोटांनी टेबलावर माप काढून दाखवलं, म्हटलं पोरगं धंद्यातली भाषा बोलायला लागलं. त्यातला 'सिंगल एडिशन' हा शब्द आता रात्री डोक्यात फिरतो. कुठली एडिशन, हे मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

आणखी एक हिशेब मांडतो, राग आला तरी वाच. लांबच्या आवृत्तीचा दर कमी. म्हणजे तुझ्या जाहिरात एजन्सीचं पंधरा टक्के कमिशनही कमी. मग कुठली एजन्सी आपल्या हाताने आपलं कमिशन कमी करून घेईल? वरून काही मिळाल्याशिवाय नाही. हा हिशेब मला पंगतीत बसल्या बसल्या सुचला, तसा आत्याच्या दिरालाही सुचला असणार. रिलीज ऑर्डरवर पेपर, तारीख, माप, दर आणि आवृत्ती हे सगळं लिहावं लागतं. ती आवृत्तीची जागा तुझ्या हाताने भरली जाते. 'क्लायंटने सांगितलं' हे खरं असेल, पण अक्षर तुझं आहे.

तुला वाटेल, म्हाताऱ्याने एका शब्दावरून केवढं रान उठवलंय. पण आपला तालुका बघ. २००९ साली महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. जुन्या दस्तात जि. ठाणे आहे, नव्यात जि. पालघर, आणि ह्या दोन नावांच्या मधल्या गोंधळात किती वाड्या गेल्या ते तू रोज बघतोस. सातबाऱ्यावर बहुतेक घरांत भावांचीच नावं. बहिणी लग्न करून बोरिवलीला, पुण्याला, कुणी आखातात. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क आपल्या राज्याने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. त्या बहिणीला आपला हक्क आठवायचं एकच ठिकाण उरतं, ती नोटीस. ती स्वतः वाचणार नाही. गावातला कुणी वाचेल, चुलत भाऊ, दुकानदार, आणि फोन करून सांगेल, "अगं, तुमच्या वाडीचा नंबर आलाय पेपरात." बिल्डरच्या पानभर जाहिरातीवर महारेराचा नंबर घालावा लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तुझ्या चार बाय सहाच्या तुकड्यावर तसा कुणी पहारेकरी नाही. रिलीज ऑर्डर लिहिणारा, एवढाच.

आता जे सांगतो ते तुझ्या बाबांनाही मी सांगितलं नव्हतं. मी १९७१ साली गिरगावातल्या एका प्रेसात जुळारी म्हणून लागलो. प्रेसचं नाव लिहीत नाही. दोन वर्षांनी हात चांगला बसला होता. डोळे केसवर न ठेवता खिळे उचलायचो, अखंड टाइप असो की डिग्री, स्टिक भरायला वेळ लागायचा नाही. एका संध्याकाळी जमिनीची नोटीस आली. जागा सहा सेंटिमीटरची घेतलेली, मॅटर सातला गेलं. मध्ये घातलेल्या पट्ट्या काढल्या, तरी एक ओळ वाहत होती. नोटीस घेऊन आलेला माणूस दगडाला टेकून उभा होता. म्हणाला, "शेवटची ओळ काढ, जास्तीच्या सेंटिमीटरचे पैसे कोण भरणार?" आणि त्याने माझ्या खिशात पाच रुपये घातले. मी ओळ काढली. नियम असा की मॅटर कापलं तर रिव्हाइज प्रूफ काढून मुद्रितशोधकाला दाखवायचं. मी दाखवलं नाही. विरार लोकल पकडायची होती.

ती शेवटची ओळ गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर होती.

वाडी आपल्याच गावातली निघाली. आपल्याकडे सणाला फुलं आणून देणारी ती विधवा बाई तुला आठवणार नाही, तुझ्या जन्माआधीच गेली. तिच्या नवऱ्याचा त्या वाडीत वाटा होता. मोजणीवाले साखळी घेऊन आले तेव्हा तिला कळलं. तिला वाचता येत नव्हतं, पण गावात पेपर यायचा आणि वाचणारे होते. नाव छापलं असतं तर कुणीतरी तिच्या दारात जाऊन सांगितलं असतं. पुढे ती विरारला गाडीत पानं विकायची. मला ओळखायची, हसायची. मी डबा बदलायचो. त्या पाच रुपयांचं काय केलं हेही मला आठवतं. तुझ्या बाबांना चप्पल घेतली.

म्हणून विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो. पंगतीतली गोष्ट खोटी असेल तर फार बरं. लोक काहीही बोलतात, आणि आपल्या पट्ट्यात चांगल्या कमावत्या पोराबद्दल जरा जास्तच बोलतात. कदाचित ती आवृत्ती तुझ्या साहेबाने ठरवली असेल आणि तुला अर्थ कळलाही नसेल. मला तो कळायला पन्नास वर्षं छपाईची शाई लागली. तुला नोकरी लागून दोनच वर्षं झालीत. बाबा गेल्यावर घरचा हप्ता तू भरतोस, पहाटे उठून आईला सोपाऱ्याला दवाखान्यात नेतोस, हे सगळं मी बघतो. वर जे कडक लिहिलं ते खोडणार नाही, पण ते वाचून तू जेवायचा थांबलास तर मला चालणार नाही.

तू सातवीत असताना माझ्या शेजारी बसून पेपरातल्या चुका शोधायचास. एकदा 'ऱ्हास' चुकीचा छापलेला तू माझ्याआधी पकडलास आणि ओरडत अंगणात पळालास. मला तो मुलगा माहीत आहे. त्याच्याबद्दल मला शंका नाही.

त्या नोटिसा ज्या अंकात आल्या त्यांच्या व्हाउचर कॉपी एजन्सीच्या फायलीत असतील. रविवारी येताना घेऊन ये, कात्रण नको, अख्खा अंक आण, पहिल्या पानावर आवृत्तीचं नाव असतं. चुकीची निघाली तर वसईच्या आवृत्तीत तेवढीच नोटीस पुन्हा देऊ, चोवीस चौरस सेंटिमीटरचे पैसे माझ्या पेन्शनीतून. वाडी कुणाची आहे ते आपण दोघं गावात जाऊन विचारू, तुला एकट्याला जावं लागणार नाही.

काकूने राजेळीची सुकेळी तुझ्यासाठी वेगळी ठेवली आहेत. सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
काका