गांजलेल्या जीवाशी बोलणे

मनोरच्या आसपासच्या पाड्यांतून जून महिना लागला की पत्र्याच्या पेट्या बाहेर निघतात. कोणी आश्रमशाळेत जातो, कोणी पालघर-बोईसरच्या महाविद्यालयात, एखादी हुशार मुलगी थेट मुंबईच्या वसतिगृहात. डहाणूपर्यंत लोकल गाडी २०१३ साली आली, तेव्हापासून मुंबई जवळ झाली असे म्हणतात. परंतु जिच्या घरात तिच्याआधी कोणी दहावीपलीकडे गेले नाही, तिला ती जवळ वाटत नाही. मुलांस पोहोचवून आईबाप आवणीच्या कामास लागतात. पुढे तिकडे काय घडले ते बहुधा सुटीत, अर्धेमुर्धे, एखाद्या उपदेशकाच्या किंवा सेविकेच्या कानी पडते. आजचा पाठ त्या कानांसाठी आहे.

डॉक्टर पायल तडवी ह्यांची हकीकत पुष्कळांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. त्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. मुंबईस नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या २०१८ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग ह्या विषयांच्या उच्च शिक्षणासाठी दाखल झाल्या. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी वसतिगृहात आपल्या जीवनाचा अंत केला. तीन वरिष्ठ डॉक्टर स्त्रिया त्यांस जातीवरून हिणवीत, चारचौघांत अपमान करीत, शिकण्याचे काम हाती लागू देत नसत, असा कुटुंबाचा आरोप आहे. त्या तिघींनी तो नाकारला. त्यांस अटक झाली, त्याच वर्षी ऑगस्टात उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यासह इतर कलमांखाली खटला भरला गेला. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायासनाचे काम आहे. ते आम्ही आपल्या हाती घेत नाही.

आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. पायलबाईंनी आपले दुःख मनात कोंडून ठेविले नव्हते. त्यांनी आईस सांगितले होते, पतीस सांगितले होते. आई आबेदाबाई स्वतः कर्करोगाने आजारी असूनही मुलीसाठी धडपडत होत्या, आणि वरिष्ठांकडे तोंडी तक्रारी केल्या होत्या असे कुटुंबाचे म्हणणे आहे. अशी बातमी आली की लोक सहज म्हणतात, "बिचारीने तोंड उघडले असते तर!" ह्या ठिकाणी तरी ते म्हणणे लागू पडत नाही. गांजलेला मनुष्य पुष्कळदा बोलतो. त्याचे ऐकणारे त्यानंतर काय करतात, हा खरा प्रश्न आहे.

आपण सहसा काय करतो? आपण म्हणतो, "सोसून घे, पोरी. दोन वर्षे हां हां म्हणता जातील." म्हणतो, "त्यांच्या नादी लागू नकोस." कोणी वडीलकीने विचारतो, "तुझेही काही चुकले असेल ना?" हे सर्व मायेपोटी बोलले जाते. फीसाठी उसने घेतलेले असते, जमीन कुळाची की खटल्याची ह्याचा घोर असतो, आणि गावात एकच मुलगी एवढी शिकली असते; ती परत आली तर काय, ह्या भीतीने बापाच्या तोंडून 'सोस' हाच शब्द निघतो. परंतु मुलीच्या कानी त्यातून दोन गोष्टी पडतात: छळ चालूच राहणार, आणि हेही दार बंद झाले. ती पुन्हा सांगत नाही. पुढच्या वेळी फोनवर विचारले तर "बरे आहे" म्हणते, आणि घरच्यांस वाटते की आता तिचे बस्तान बसले.

लहान मुले तर इतकेही सांगत नाहीत. 'रॅगिंग' हा शब्द आपल्याकडे खेळाचे सोंग घेऊन आला आहे. आम्ही त्याला छळच म्हणू. बोलीची नक्कल करणे, आडनाव विचारून हसणे, "तू सवलतीने आलास" असे रोज ऐकविणे, पाणी भरावयास लावणे, ह्यांपैकी एकेकटे काही सांगण्याजोगे मोठे नसते. म्हणून मुलगा सांगतो की पोट दुखते. शाळेस जाण्याच्या आदल्या रात्री त्यास ताप येतो. आवडीची वस्तू तो धाकट्यास देऊन टाकतो, जेवण कमी करतो, "मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता" असे हसत बोलून जातो. ह्या शेवटल्या वाक्यावर घरात सगळे हसले, तरी उपदेशकाने हसू नये.

येथे आपल्या शास्त्रातील एलीया संदेष्ट्याची आठवण होते. राणीच्या धमकीने पळालेला तो मोठा मनुष्य रानात एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. त्यास कोणी रागे भरले नाही, कोणी त्याच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाही. देवदूताने त्यास उठविले, भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा खाऊ घातले. प्रश्न पुष्कळ पुढे, डोंगरावर विचारला गेला. आणि त्यानंतर त्यास अलीशा हा सोबती मिळाला. अन्न, झोप, मग ऐकणे, मग सोबत, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपण बहुतेक वेळा उपदेशापासून आरंभ करतो.

लंडन शहरात चाड वारा नावाचे एक पाळक होते. तरुणपणी, १९३५ साली, त्यांनी पहिलाच अंत्यविधी केला तो सुमारे १४ वर्षांच्या एका मुलीचा. तिला पहिल्यांदा विटाळ आला, तो काही घाणेरडा रोग आहे असे समजून, विचारावयास कोणी नाही म्हणून, तिने जीव दिला होता. पुढे १९५३ साली त्यांनी आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवून जाहीर केले की ज्यास जीव नकोसा झाला असेल त्याने यावे. लोक इतके आले की बाहेर बसून वाट पाहू लागले. त्यांस चहा देण्यास व त्यांच्याजवळ बसण्यास मंडळीतील साधी माणसे आली. थोड्याच दिवसांत पाळकसाहेबांच्या ध्यानात आले की चहा पिता पिता मन मोकळे केलेली पुष्कळ माणसे त्यांस न भेटताच हलकी होऊन जातात. मग त्यांनी ते काम त्या साध्या माणसांकडेच सोपविले. पदवी नाही म्हणून मागे सरणाऱ्या आपल्या उपदेशकांनी ही हकीकत दोनदा वाचावी.

तर बोलावे कसे? प्रथम विश्वास ठेवावा. "खरेच का?" असे विचारू नये, "हे तुला एवढे दिवस एकटीने सहन करावे लागले" असे म्हणावे, आणि गप्प बसावे. ती रडली तर रडू द्यावे. "रडू नकोस" हे आपल्या सोयीचे वाक्य आहे. साक्षीदार कोण, तारीख कोणती, असे फौजदारासारखे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत.

आणि मनात शंका आली तर स्पष्ट विचारावे: "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" पुष्कळांस वाटते की असे विचारल्याने नसलेला विचार मनात भरतो. तसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचेही हेच सांगणे आहे. विचारल्याने उलट ओझे उतरते, कारण आता हे शब्द बोलता येतात असे तिला कळते. उत्तर "हो" आले तर दचकू नये, शपथा घालू नयेत, आणि आत्महत्या पाप आहे हा पाठ त्या क्षणी मुळीच देऊ नये. जी आधीच आपल्याला सर्वांवरचा भार समजते, तिच्या डोक्यावर आणखी एक गुन्हा ठेवून काय साधणार? "कोणाला सांगू नका" असे तिने म्हटले तर खोटे वचन देऊ नये. सांगावे की, "तुझी गोष्ट मी गावभर करणार नाही, पण तुझा जीव राखण्यासाठी कोणाला सांगावे लागले तर तुला विचारून, तुझ्यासमोर सांगेन." त्या रात्री तिला एकटी सोडू नये. घरातील फवारणीची औषधे शेजाऱ्याकडे कुलपात जाऊ द्यावीत. हा उपाय किरकोळ वाटेल. पण श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशके सरकारने बाजारातून काढून टाकली, तेव्हा १९९५ च्या सुमारास कळस गाठलेले आत्महत्यांचे प्रमाण पुढील वीस वर्षांत निम्म्याहूनही खाली आले. अनावर झालेली घटका टळली की पुष्कळ माणसे जगतात.

सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सेवा चालविली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्री-अपरात्री, फुकट, मराठीतही बोलता येते, आणि उपदेशकाने स्वतः फोन करून सल्ला विचारला तरी चालते. प्राणावर बेतले असेल तर १०८ ची गाडी बोलवावी. पोलिसांच्या भीतीने काही घरे मुलास दवाखान्यात नेत नाहीत, म्हणून हेही सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते, आणि त्याची देखभाल करणे हे सरकारचे कर्तव्य मानले आहे. जुन्या दंडसंहितेतील ज्या कलमाने त्यास शिक्षा होई, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत घेतलेले नाही.

मन हलके झाले म्हणजे काम संपले असे नाही. छळणारे तिथेच आहेत. शास्त्रातील 'कैवारी' ह्या शब्दाच्या मुळाशी बाजूला येऊन उभा राहण्यासाठी बोलाविलेला असा अर्थ आहे. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगला बंदी करणारा कायदा झाला. विद्यार्थी, त्याचे आईबाप, पालक किंवा शिक्षक ह्यांपैकी कोणीही लेखी तक्रार केली तर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे. सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास छळणाऱ्यास निलंबित केले पाहिजे. आणि जो प्रमुख हे करीत नाही तो गुन्ह्यास साह्य करणारा समजला जातो. अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. ह्यात 'लेखी' हा शब्द जड आहे. तोंडी तक्रार साहेबांच्या खोलीतल्या पंख्याबरोबर फिरते आणि तिथेच विरते. म्हणून उपदेशकाने बापाशेजारी बसून अर्ज लिहावा, मुलीस वाचून दाखवावा, तिला नको असलेली ओळ खोडावी, दोन प्रती कराव्यात, आणि एका प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज टपालाने नोंदणी करून पाठवावा. आश्रमशाळेची गोष्ट असेल तर पालघर तालुक्यासाठी डहाणूच्या प्रकल्प कार्यालयातही प्रत द्यावी. मात्र मुलीचा होकार मिळाल्याशिवाय तक्रार पुढे रेटू नये. तिच्यावर आधीच सगळे दुसरेच सत्ता चालवीत आहेत; तिचा कैवार घेणारानेही तेच करू नये. अर्ज दिल्यावर पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे, कारण त्याचा सूड तिच्यावरच उगवला जातो. त्या दिवसांत रोज फोन करावा. आणि तिला परत यावेसे वाटले तर येऊ द्यावे. आबेदा तडवी आणि हैदराबादेस २०१६ साली मुलगा गमावलेल्या राधिका वेमुला, ह्या दोन मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो उच्च शिक्षणाच्या संस्थांतील जातीय छळास आळा बसावा म्हणून. त्यांच्या मुलांचे बुडालेले वर्ष त्यांस आनंदाने चालले असते.

छळणारा मुलगा आपल्याच मंडळीतला निघाला तर? त्यासाठी वेगळा पाठ लागेल. तूर्त एवढेच की त्याच्या बापाची व छळ झालेल्या मुलाच्या बापाची प्रार्थनेनंतर सर्वांसमक्ष गळाभेट घडवून प्रकरण मिटविण्याची जी चाल काही ठिकाणी आहे, ती आम्हांस पसंत नाही. तेथे मुलास कोणी काही विचारीतच नाही.

ज्या घरात हे दुःख येऊन गेले आहे, तेथे पाळकाने पहिल्या दिवशी जावे, आणि तीन महिन्यांनी, येणेजाणे थांबल्यावर, पुन्हा जावे. 'का केले' आणि 'कसे केले' हे विचारू नये. गेलेल्या मुलाचे नाव घ्यावे, त्याची शाळेची वही पाहावयास मागावी. त्याच्या पाठच्या भावंडांशी अंगणात वेगळे बसून बोलावे. मोठ्यांच्या गर्दीत त्यांस कोणी विचारलेले नसते.