आधी गडद-फिकट, मग रंग

लाल आणि हिरवा यांच्या मधल्या पट्ट्यातले रंग मला नीट वेगळे करता येत नाहीत. तपकिरी आणि शेवाळी, मरून आणि चॉकलेटी, नारिंगीकडे झुकणारा टॅन आणि साधा बदामी अशा जोड्या समोर आल्या की मी थबकतो. अडचण अशी की पुरुषांचे बूट आणि पँट बहुतेक याच रंगांत मिळतात. निळा, पिवळा, काळा, पांढरा मला व्यवस्थित दिसतो. 'रंगांधळा' म्हटल्यावर लोकांच्या मनात कृष्णधवल सिनेमा उभा राहतो, तसं काहीही नसतं.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. माझ्यात त्यांतल्या हिरव्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी बिघडलेल्या आहेत. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना असाच दोष होता. १७९४ मध्ये त्यांनी स्वतःच्या रंगदृष्टीवर निबंध वाचला, आणि मृत्यूनंतर जपून ठेवलेल्या त्यांच्या डोळ्याच्या डीएनए तपासणीतून १९९५ मध्ये कळलं की हिरव्याच्या पेशींचाच अभाव होता. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचा दोष सुमारे ८ टक्के असतो, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. भारतात पुरुषांतलं प्रमाण त्याहून कमी आढळतं, तरीही एखाद्या मोठ्या ऑफिसात माझ्यासारखे दोन-चार जण असणारच. त्यांतल्या काहींना ते माहीतही नसेल. मलाही एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत माहीत नव्हतं. ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा मला दिसला नाही, आणि डॉक्टरांनी पान उलटता उलटता विचारलं, "मामांनाही असंच आहे का?" होतं. हा दोष आईकडून येतो. ती स्वतः रंग अचूक सांगते आणि मुलगा अडखळतो.

चुलत भावाच्या साखरपुड्याला काळी पँट घालायची होती आणि बूट नवे हवे होते. दुकानात विक्रेत्याने एक जोड पुढे केला. मी विचारलं, "हे ब्राउनच ना?" तो म्हणाला, "ब्राउनच साहेब, कशावरही जातात." तो खोटं बोलला नाही. कॉफीपासून संत्र्याच्या सालीपर्यंतचं सगळं चामडं दुकानात ब्राउनच असतं. मला ते बूट शांत, बदामी दिसत होते. कार्यालयात वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, काळ्या पँटवर हे नारिंगी बूट का घातलेत? फोटोत नवरा-नवरीच्या आधी तेच दिसतायत." त्या मनापासून सांगत होत्या, आणि पुढे अल्बम आल्यावर त्यांचं म्हणणं खरं असल्याचं घरातल्या प्रत्येकाने सांगितलं.

अल्बममधला एक फोटो मी संगणकावर कृष्णधवल करून पाहिला, आणि माझ्या कामाची गोष्ट मला तिथे सापडली. रंग काढून टाकले तरी ते बूट तितकेच डोळ्यांत भरत होते. पँट जवळजवळ काळीकुट्ट, आणि तिच्याखाली दोन फिकट ठिपके. म्हणजे बिघडलं होतं ते नारिंगीमुळे थोडं आणि फिकटपणामुळे पुष्कळ. गडद काय आणि फिकट काय, हे मला कुणाइतकंच चांगलं कळतं. बूट आणि पँट यांची जोडी जमते की नाही याचा मोठा हिस्सा या एका गोष्टीवर ठरतो, हे मी आता ठामपणे सांगतो, आणि ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत त्यांनाही सांगतो.

बूट पँटपेक्षा गडद असावेत, किंवा निदान तिच्या जवळपास. बूट पँटपेक्षा बरेच फिकट असले की पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून सुटून जमिनीकडे जाते. मोबाइलवर फोटो काढा, त्यातला रंग काढून टाका आणि करड्या छटा शेजारी-शेजारी पाहा. घरून निघण्याआधी अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पांढऱ्या सुती लेंग्याखाली किंवा धोतराखाली कोल्हापुरी चप्पल इतकी शोभते त्याचंही कारण हेच. वनस्पतींच्या अर्काने कमावलेल्या त्या चामड्याचा रंग पांढऱ्या कापडापेक्षा स्पष्ट गडद असतो आणि वापराने आणखी गडद होत जातो. जीन्सवर पांढरे कॅनव्हास बूट घालताना हा नियम मोडतो, आणि तो मोडलेला चांगला दिसतो, कारण तिथे कुणालाच औपचारिक दिसायचं नसतं.

काळ्या पँटवर काळेच बूट. इथे मी दुसरा विचार करत नाही. कोळशासारख्या गडद करड्या पँटवर काळे उत्तम, अगदी गडद तपकिरीही चालतात. मधल्या करड्यावर दोन्ही सारखेच चांगले. नेव्ही ब्लूवर गडद तपकिरी मला काळ्यापेक्षा जास्त आवडतात, कारण निळा मला स्वच्छ दिसतो आणि त्याच्याशेजारी तपकिरीची ऊब मलाही जाणवते. बिस्किट किंवा खाकी पँट असेल तर तपकिरीची कुठलीही छटा घ्या. काळे बूट तिच्याखाली जड वाटतात. आपल्या डोळ्यांना ही जोडी लहानपणापासून ओळखीची आहे: पोलीस अधिकाऱ्यांच्या खाकी वर्दीखाली तपकिरी बूट असतात. शेवाळी पँटवरही तपकिरीच. माझ्यासारख्यांना यात मोठाच दिलासा आहे. पँट तपकिरी आहे की शेवाळी हे कळलं नाही तरी खाली गडद तपकिरी बूट असले की दोन्हीकडून जमतं. मरूनकडे झुकणारे बूट मी घेत नाही. ते गडद करड्यावर सुरेख दिसतात असं ऐकतो, पण जो रंग मला पडताळता येत नाही त्याच्यावर मी पैसे घालत नाही.

मुलाखतीला जाताना काळे बूटच घाला. ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने २०१६ मध्ये गुंतवणूक बँकांमधल्या नोकरभरतीवर अहवाल प्रसिद्ध केला. सूटखाली तपकिरी बूट घातल्यामुळे हुशार, पण साध्या घरातल्या उमेदवारांचं वजन कमी होतं, असं त्यात नोंदवलं होतं. लंडनच्या बँकांत तपकिरी बूट कामाच्या दिवशी घालायचे नाहीत हा जुना संकेत त्या मुलांना कुणी सांगितलेलाच नसतो. माणसाची पारख अशी करणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे तो संकेत नाही, तरीही काळ्या बुटांना हरकत घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि मुलाखतीच्या दिवशी मुलाने उत्तरांची काळजी करावी, बुटांची करू नये.

आता उजेडाबद्दल, कारण इथे चांगल्या डोळ्यांचीही फसगत होते. पुण्यात लक्ष्मी रोडवर किंवा मुंबईत दादरला कित्येक दुकानं आत खोलवर जातात आणि दिवसभर दिव्यांवर चालतात. पिवळट दिव्याखाली नेव्ही ब्लू आणि काळा एकच वाटतात. दोन कापडं एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि उन्हात वेगळी पडतात, कारण रंगद्रव्यं वेगळी असली की प्रत्येक कापड प्रकाशातल्या लहरी वेगळ्या प्रमाणात परत पाठवतं, आणि दिवा बदलला की ते प्रमाण उघडं पडतं. म्हणून कापड किंवा बूट हातात घेऊन दारापर्यंत जाऊ द्या, असं दुकानदाराला निःसंकोच सांगा. चांगला दुकानदार स्वतःच दारात घेऊन येतो. बूट घेताना, ते ज्या पँटवर घालायचेत ती पँट अंगावर असू द्या, नाहीतर पिशवीतून न्या.

सोबत कुणाला नेलंत तर प्रश्न नीट विचारा. "मॅच होतंय का?" असं विचारलं की माणूस तुमचा उत्साह बघून "हो" म्हणतो. "हा रंग लालसर आहे की हिरवट?", "लांबून नारिंगी वाटतो का?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. रंगाचं नाव सांगणारी मोबाइल अ‍ॅप मी वापरतो, पण तीही दिव्यांना फसतात, म्हणून खिडकीशी उभं राहूनच. रंगांधळेपणासाठी विकले जाणारे महागडे चष्मे काही रंगांतला फरक उठावदार करतात, सामान्य दृष्टी देत नाहीत. त्या पैशांत चामड्याचा एक चांगला जोड येतो.

घरी आणलेल्या प्रत्येक पँटच्या कमरपट्टीत आतून रंगाचं नाव न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवा: नेव्ही, शेवाळी, करडा. धोबी पिढ्यान्‌पिढ्या अशाच शाईने कपड्यांवर खुणा करत आले आहेत. पॉलिशच्या डब्यांवरही मोठ्या अक्षरांत लिहा, कारण दोन वेगळ्या तपकिरींचे डबे अदलाबदल झाले तर पाच-सहा वेळांत बुटाची छटाच बदलते. शंका असेल तर बिनरंगी पॉलिश लावा. मोजे पँटच्या गडदपणाचे घ्या, म्हणजे बसल्यावर पाय मध्येच तुटल्यासारखा दिसत नाही. पट्टा बुटांच्या जवळचा असावा. नवी गडद जीन्स आणि फिकट चामड्याचे बूट पहिले काही दिवस एकत्र घालू नका. नीळ सुताच्या बाहेरच्या थरावरच बसलेली असते आणि घासली की सुटते. बुटाच्या काठावर उतरलेला निळा डाग चामड्यात मुरला की निघत नाही.

मुलगा झाडाचं खोड हिरवं रंगवत असेल किंवा पिकलेला टोमॅटो कच्च्यातून निवडताना चाचपडत असेल, तर त्याला रागावू नका. ठिपक्यांची ती चाचणी जपानचे शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये तयार केली. आजही ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असते आणि काही मिनिटांत होते. आजोळी कुणाला असा त्रास असेल तर मुलांची चाचणी शाळेच्या वयातच करून घ्या. पुढे कुठल्या नोकऱ्यांत हा दोष आड येईल हेही वेळेवर कळतं.

ज्याला नुकतीच नोकरी लागली आहे आणि पैसे मोजूनमापून खर्चायचे आहेत, त्याने पहिला जोड साध्या, गुळगुळीत टोकाचा काळा, लेसचा घ्यावा. दुसरा कॉफीइतका गडद तपकिरी. या दोन जोडांत काळ्यापासून बिस्किटापर्यंतच्या सगळ्या पँट निभतात. तिसरी कोल्हापुरी, सणावारासाठी. टॅन बूट त्यानंतरच, आणि तेही फिकट पँट घरात असतील तर.